केरेच्या वहीतले सहा आठवडे

आई अप्पांशी बोलत असे, पण त्यांच्याकडे बघून नाही. "भात निवतोय," हे ती भाताच्या पातेल्याला सांगायची आणि "आभाळ भरलंय, छत्री न्यायला हवी," हे दाराच्या चौकटीला. अप्पा ऐकायचे, जेवायला बसायचे, छत्री उचलायचे. आमच्या घरात भांडण म्हणून कधी झालं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत नवरा-बायको असे भांड्यांशी आणि भिंतींशी बोलत असतात. शेजारच्या सरोजम्मांच्या घरी एकदा त्यांच्या यजमानांनी त्यांना नावाने हाक मारून काहीतरी गमतीचं सांगितलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा मी इतकी दचकले की हातातला चुरमुऱ्यांचा वाडगा सांडला.

आमचं घर के. आर. पुरमला, रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. एकामागे एक तीन खोल्या, वर मंगळुरी कौलं, मागे धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं एक वेडंवाकडं झाड. मालगाडीला डबे जोडताना तिकडच्या टोकाला उठलेला ठण्णकन आवाज डब्याडब्यातून धावत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि फळीवरची स्टीलची ताटं त्याला ओ द्यायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातले. मराठी उंबऱ्याच्या आत, बाहेर पाऊल टाकलं की कन्नड, आणि आतली मराठीही अशी की पुण्याच्या माणसाला ती अर्धीच कळावी. आमटीला आम्ही सारू म्हणायचो, थोडं हवं असेल तर "स्वल्प वाढ" म्हणायचो. आई पिठलं करी, पण ते आम्ही रागीच्या मुद्द्याबरोबर, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर खायचो. थंडीत बाजारात अवरेकाळू, म्हणजे पावटे, आले की शेंगा सोलून दाणे भिजत घालायचे आणि दुपारी मागच्या पायरीवर बसून एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर उडवायचा. बोटं हिरवी होत, त्यांना उग्र वास येई. हे काम तास दोन तास चालायचं आणि त्याच वेळी आई अक्काबद्दल बोलायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती अकरा वर्षांची असताना गेली, मी तेव्हा सात वर्षांची होते. ताप डोक्यात चढला, असं तेव्हा सांगत. शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात ती सहा आठवडे होती. आई तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिली होती आणि मला सरोजम्मांकडे ठेवलं होतं. मला त्या सहा आठवड्यांतला फक्त पाऊस आठवतो, आणि सरोजम्मांच्या घरातला खोबरेल तेलाचा वास. आई सांगायची ते असं: अक्काला कुठला डॉक्टर बघत होता, तिने शेवटचं काय खाल्लं, कुठल्या दिवसापासून तिने डोळे उघडणं सोडलं. आणि शेवटी, दाणे असलेल्या ताटाकडे बघत, नेहमीचं एक वाक्य: "पोरगी जात होती, आणि माणूस पाणी मोजत होता."

हे वाक्य ती अप्पा घरात असतानाही म्हणायची. पाहुण्यांसमोरही म्हणायची. अप्पांनी त्यावर एकदाही तोंड उघडलं नाही.

पाणी मोजणं ही अप्पांची नोकरी होती. आमच्या घरापासून सायकलने पाऊण तासावर एक मोठी केरे होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिच्या काठावर आज राहणाऱ्यांना त्याने काही बरं वाटणार नाही. आमच्याकडे तलावाला केरेच म्हणतात. तिच्या बांधाजवळ पाण्यात एक दगडी खांब रोवलेला होता आणि त्यावर फुटांच्या आणि दशांशांच्या रेघा रंगवल्या होत्या. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं आणि बांधावरच्या खोलीतल्या जाड वहीत लिहायचं. रविवार नाही, सण नाही. तीस वर्षं त्यांनी हे केलं. शाळेला सुट्टी असली की कधीकधी मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेत. लाटा शांत होईपर्यंत थांबायचं, आणि पाण्याकडे बघायच्या आधी कालचा आकडा अजिबात बघायचा नाही, कारण मग डोळा त्या आकड्याकडे ओढतो, हे त्यांनी मला शिकवलं. पुढे मी संख्याशास्त्र शिकले तेव्हा प्राध्यापकांनी हेच सांगायला दोन तास घेतले.

नव्वदीच्या दशकात, अप्पा निवृत्त झाल्यावर, मला एका छोट्या सल्लागार कंपनीत नोकरी लागली. मालक करंदीकर नावाचे पुण्याचे इंजिनिअर होते, वय साठीच्या पुढे, स्वभावाने सज्जन. ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते, त्यांना झोपताना मुलांना पांघरूण घालावं तशी प्लास्टिकची आवरणं घालायची, आणि त्या खोलीत चपला काढून जायचं. प्रिंटर सुरू झाला की शेजारच्या ऑफिसातले लोक दार लावून घेत. करंदीकर माझी मराठी ऐकून पहिल्या दिवशी हसले होते. "उषा, तुझी लँग्वेज फार स्वीट आहे, पण मला सबटायटल्स लागतील."

त्या वर्षी सरकारी खात्याने एक समिती नेमली होती. केरेच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी पाणथळ शेतं होती, तिथे एक नवा लेआउट, म्हणजे घरांची वसाहत होणार होती. प्रश्न एकच होता: भरपूर पावसात केरेचं पाणी कुठवर येतं? जिथवर येतं तिथवर घरं बांधायची नाहीत, असं ठरलं होतं. जुन्या नोंदी तपासून ती रेघ सांगायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. एका दुपारी खात्याच्या जीपमधून लाल फडक्यात बांधलेल्या वह्या आल्या. मी गाठ सोडली, वरची वही उघडली, आणि समोर अप्पांचं अक्षर.

"म्हणजे घरचाच डेटा!" करंदीकर खूश झाले. "व्हेरी गुड. डाउट आला तर डायरेक्ट सोर्सला विचार."

दोन महिने मी ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होते. असं काम कंटाळवाणं असतं म्हणतात, मला तसं वाटलं नाही. प्रत्येक तारखेला एक आकडा, आणि त्या सकाळी अप्पा तिथे उभे होते. माझ्या वाढदिवसांच्या सकाळी, माझ्या परीक्षांच्या सकाळी. पावसाळ्यातली पानं ओळखू यायची. शाई फुटलेली, थेंबांचे वर्तुळाकार डाग, कोपऱ्यात बांधावरच्या काळ्या मातीचा अंगठा. उन्हाळ्यातली पानं ठिसूळ. अक्का गेली त्या वर्षाची वही हातात आली तेव्हा मी ती जरा वेळ बाजूला ठेवली. मग उघडून थेट तो दिवस काढला. नोंद होती. तारीख, आठ वाजता, आकडा, आणि शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. म्हणजे आई म्हणत होती ते खरं होतं. त्या सकाळीही हा माणूस इथे उभा राहून रेघ बघत होता. मला अप्पांचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

त्याच आठवड्यात समितीपुढे गावकऱ्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, तिथे ऑफिसतर्फे मीही होते. मुनियप्पा म्हणून एक म्हातारे होते. केरेचं पाणी शेतांना सोडणारं त्यांचं घराणं, आणि बांधावर वर्षानुवर्षं अप्पांच्या बरोबरीने बसणारे ते एकटेच. त्यांनी सांगितलं की एका वर्षी पाणी कोडीवरून, म्हणजे जादा पाणी वाहून जातं त्या उंबऱ्यावरून, असं काही धो धो वाहिलं की वरच्या अंगाला ते मारम्माच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं. कुठलं वर्ष, विचारलं तर त्यांनी बरोबर अक्काचं वर्ष सांगितलं. लेआउटच्या बाजूचा इंजिनिअर हसला आणि त्याने खात्याच्या वहीची प्रत पुढे केली. त्या वर्षी वहीप्रमाणे पाणी कोडीला पोचलंच नव्हतं. "अज्जा, तुम्हाला स्वप्न पडलं असेल," तो कन्नडमध्ये म्हणाला. सगळे हसले. मुनियप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डोक्याचा टॉवेल सारखा केला आणि खाली बसले.

ऑफिसात येऊन मी ते वर्ष पुन्हा काढलं. रेल्वे स्टेशनवर पावसाची वेगळी नोंद ठेवतात, तीही आमच्याकडे आली होती. दोन्ही एकाखाली एक छापून घेतल्या. त्या पावसाळ्याच्या शेवटी सलग पाच दिवस असा पाऊस झाला होता की रेल्वेच्या माणसाने शेऱ्यात रूळ पाण्याखाली गेल्याचं लिहिलं होतं. त्याच पाच दिवसांत अप्पांच्या वहीत केरे एका दशांशाने वाढली होती. आणि मागेपुढे बघितलं तर अशीच शहाण्या मुलीसारखी वाढत होती. एक दशांश, मग दोन दिवस काही नाही, मग पुन्हा एक दशांश. तीस वर्षांत पाणी असं कधी वागलं नव्हतं. मी वही उजेडात नेली. शाई एकसारखी होती, एका बैठकीत लिहिल्यासारखी. एकही थेंब नाही, एकही डाग नाही. ऐन पावसाळ्यातली ती पानं कोरडी होती. असे जवळजवळ सहा आठवडे. कुठले सहा, हे मला मोजावं लागलं नाही.

रविवारी सकाळी मी अप्पांबरोबर केरेवर गेले. निवृत्त झाल्यावरही ते रोज जात. त्यांच्या जागी आलेला माणूस आठवड्यातून दोनदा येई, अप्पा मात्र खांबाकडे बघून एका जुन्या डायरीत आकडा लिहीत. पाण्यावर पाणकावळे होते, पलीकडे धोबी कपडे आपटत होते. मी बोलायला सुरुवात कशी करावी हे ठरवून गेले होते, ते सगळं विसरले.

"अप्पा, अक्का इस्पितळात होती तेव्हाचे सहा आठवडे खोटे आहेत ना?"

ते खांबाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बेचाळीस दिवस. त्यातले पहिले चार खरे आहेत. ते चार दिवस मी इथलं काम करून तिकडे जात होतो. अडतीस खोटे."

"मग तुम्ही होतात कुठे?"

त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी इथे जोडून लिहिते आहे. तिसऱ्या दिवशी अक्काने त्यांचा सदरा मुठीत धरला आणि म्हणाली, अप्पा, मला घरी ने. ते म्हणाले, उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी ते वर गेले तर ती पहिलंच वाक्य बोलली, "आज ना?" ते पुन्हा म्हणाले, उद्या. पाचव्या दिवशी ते जिन्यापर्यंत गेले आणि त्यांना पाय उचलता येईना. ते खाली आले. आवारात करंजाचं एक झाड होतं, त्याच्याखाली बसले. मग रोज तिथेच बसले. घरून सायकलवर निघायचे, केरेचा रस्ता सोडून शहराचा धरायचे, आणि संध्याकाळपर्यंत झाडाखाली छत्री धरून तिच्या खिडकीकडे बघायचे. अंधार पडायच्या सुमाराला सरोजम्मांनी दिलेला डबा घेऊन वर जायचे, वॉर्डाच्या दारात तो आईच्या हातात द्यायचे आणि आत न बघता वळायचे. सगळं संपल्यावर एका दिवशी त्यांनी बांधावरच्या खोलीत बसून अडतीस आकडे लिहिले.

"आईला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं ती..."

"काय सांगायचं?" अप्पा म्हणाले. "कामावर गेला होता म्हणते. म्हणू दे. ते निदान काम आहे. भिऊन खाली बसलो होतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

मी त्यांना मुनियप्पांची गोष्ट सांगितली, लोक कसे हसले ते सांगितलं. ते ऐकून अप्पांचा चेहरा पहिल्यांदा हलला. "मुनियप्पाला माहीत होतं मी येत नव्हतो," ते म्हणाले. "त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही. तिथेही सांगितलं नाही?"

"नाही."

"मग तू लिही. त्याला खोटं नको पडायला."

सोमवारी मी करंदीकरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उषा, ऐक. हे सहा आठवडे आपण डाउटफुल म्हणून बाजूला काढू. रेल्वेच्या पावसाशी मॅच होत नाहीत, एवढं रीझन पुरे आहे. सायंटिफिकली करेक्ट आहे. वडिलांचं नाव कशाला आणायचं? ते समोर बसलेत ते लोक साधे नाहीत."

ते बरोबर बोलत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, असं मी आज म्हणू शकत नाही, पण निदान ऐकू येत होतं. मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते. अर्धं सांगणं म्हणजे लपवणं, असं माझं ठाम मत होतं, आणि खरं सांगू, स्वतःच्या वडिलांबद्दलही खरं लिहिण्याइतकी मी प्रामाणिक आहे, याचा मला थोडा अभिमान वाटत होता. मी टिपणात लिहिलं की या अडतीस दिवशी नोंद करणारा माणूस केरेवर हजर नव्हता, त्याने नंतर अंदाजाने आकडे भरले, आणि त्याने स्वतः तसं कबूल केलं आहे. करंदीकरांनी दोनदा वाचलं. "शुअर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी अप्पांच्या नावाने पत्र आलं. समितीपुढे हजर राहून जबाब द्यावा. अप्पा अंघोळीला गेले होते. आईने पत्र हातात धरून, गॅसवरच्या दुधाकडे बघत विचारलं, "हे कशाबद्दल?" मी सांगितलं. आधी थोडंच सांगणार होते, पण एकदा सुरू झाल्यावर सगळं सांगितलं, सदऱ्यासकट, झाडासकट. दूध वर आलं तरी तिने गॅस बंद केला नाही, मीच केला.

"ती गेली त्या सकाळी," आई म्हणाली, "शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या भावाला मी केरेवर पाठवत होते, यांना बोलावून आण म्हणून. तो फाटकाबाहेर पडायच्या आत हे जिन्यात उभे. पायाला चिखल नव्हता. त्या पावसात केरेवरून आलेल्या माणसाच्या पायाला चिखल नाही. मला दिसलं होतं ते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर रागवायला काय उरलं असतं?" ती म्हणाली. "त्या रागावर तर मी उभी होते, उषा."

अप्पा अंघोळ करून आले तेव्हा तिने सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं, "मीही येते तुमच्याबरोबर."

त्या दिवशी अप्पांनी ठेवणीतला कोट घातला. तो खांद्यावर सैल झाला होता. हॉलमध्ये लांब टेबल, वर पंखे, भिंतीवर केरेचा मोठा नकाशा. आई मागच्या बाकावर मुनियप्पांच्या शेजारी बसली. अध्यक्षांनी विचारलं ते अप्पांनी सगळं मान्य केलं. मग लेआउटच्या बाजूचा इंजिनिअर उठला. तो आवाज चढवून बोलला नाही. फार आदराने बोलला.

"सर, हे अडतीस दिवस तुम्ही न बघता लिहिलेत?"

"हौदु," अप्पा म्हणाले, म्हणजे हो.

"खात्यात कुणाला कळलं नाही?"

"नाही."

"यांच्या कन्येने शोधून काढेपर्यंत इतकी वर्षं कुणालाच कळलं नाही. बरं. मग बाकीच्या तीस वर्षांत असं आणखी कधी केलंत?"

"नाही. कधीच नाही."

"ते आम्ही कसं नंबायचं, सर?" असं त्याने कन्नडमध्ये विचारलं. कसा विश्वास ठेवायचा?

अप्पांनी तोंड उघडलं. मी पुढच्या बाकावर होते, मला त्यांचे ओठ हललेले दिसले. रोज सकाळी आठ वाजता एकटा उभा असलेला माणूस साक्षीदार कुठून आणणार? त्यांनी नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मदत मागितल्यासारखं. मी आकडेमोड करून दाखवू शकत होते, बाकीच्या वर्षांचं पाणी पावसाशी कसं जुळतं ते सांगू शकत होते. करंदीकरांनी तसा प्रयत्नही केला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि ते लेखी द्या म्हणाले. ते लेखी दिलेलं कुणी वाचलं की नाही मला ठाऊक नाही.

समितीने ठरवलं ते असं: तीसही वर्षांच्या वह्या विश्वासार्ह नाहीत. गावकऱ्यांच्या आठवणी हा पुरावा नाही. तेव्हा नव्याने मोजणी करून रेघ आखावी. ती मोजणी एका कोरड्या उन्हाळ्यात झाली. रेघ देवळाच्या पायऱ्यांपासून कितीतरी आत, खाली पडली, आणि तिच्या वर घरं उठली.

हॉलबाहेर मुनियप्पांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. मग ते माझ्याकडे वळले. "मगळे," ते म्हणाले, म्हणजे लेकी, "तू बरोबर लिहिलंस. पण फार लिहिलंस."

मला ते वाक्य त्या दिवशी टोचलं आणि त्यानंतर दर काही वर्षांनी नव्याने टोचत राहिलं. आज मी एचएसआर लेआउटमधल्या एका फ्लॅटमध्ये राहते, उन्हाळ्यात टँकरचं पाणी घेते, आणि परतीचा पाऊस जोरात झाला की कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवतं: केरेच्या वरच्या अंगाच्या त्या लेआउटच्या रस्त्यांवर छातीभर पाणी, ट्रॅक्टरमध्ये बसवलेली म्हातारी माणसं, तरंगणाऱ्या गाड्या. खाली लोक लिहितात, असं कधी झालं नव्हतं. मी काही लिहीत नाही. एका शब्दाने काम झालं असतं, "शंकास्पद" एवढ्या एका शब्दाने, आणि मी तीन वाक्यं लिहिली.

करंदीकर मला कधी टाकून बोलले नाहीत. वर्षभरात मी तिथून निघाले, एका कॉलेजात शिकवायला लागले. अप्पांनी केरेवर जाणं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. सकाळी सात वाजता तयार होऊन पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचे, पेपर उघडायचे, आणि नऊ वाजेपर्यंत तेच पान. आई त्यांच्या हातात कॉफी द्यायची. ती आता त्यांच्याशी सरळ बोलत होती, पण बोलायला दोघांकडे फार काही उरलं नव्हतं. भाजी आणते, सरी, म्हणजे बरं, औषध घेतलं का, हौदु. मालगाडीचा आवाज आला की दोघं एकदमच खिडकीकडे बघायची.

अवरेकाळूच्या दिवसांत एका सकाळी आई म्हणाली, "मला ती जागा दाखवा." कुठली, हे अप्पांनी विचारलं नाही. मीही बरोबर गेले. दोन बस बदलून आम्ही इस्पितळात पोचलो. फाटक नवं झालं होतं, आवारात स्कूटरी उभ्या होत्या, पण ती इमारत तशीच होती आणि करंजाचं झाडही होतं. खोडाभोवती कुणीतरी सिमेंटचा पार बांधला होता. अप्पा त्याच्या एका बाजूला जाऊन उभे राहिले, नेमके, पाहुण्यांना जागा करून द्यावी तसे थोडे सरकून.

"इथे," ते म्हणाले. "आणि ती बघ. वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसरी. ती तिची खिडकी."

आई कपाळावर हात धरून वर बघत राहिली. खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. माणसं डबे घेऊन येत होती, जात होती.

"हो," आई म्हणाली. "तीच."

अप्पांनी मान हलवली.

"तिथून हे झाड दिसायचं," आई पुढे म्हणाली. "मी तिला उशी लावून बसवलं की ती याच्याकडेच बघायची."

"दिसायचं?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दिसायचं की. झाड सगळं दिसायचं."

आम्ही तिथे पारावर बसून बरोबर नेलेलं चित्रान्न, लिंबू पिळलेला भात, खाल्लं. अप्पांनी आणखी मागून घेतलं. परत येताना बसमध्ये ते आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, आणि तिने त्यांना उठवलं नाही.

घरी आल्यावर अप्पा आडवे झाले. मागच्या पायरीवर आईने दाण्यांचं पातेलं घेतलं, मी समोर बसले. थोड्या वेळाने ती आवाज न वाढवता म्हणाली, "पाचव्या दिवशीच तिला हलवलं होतं. त्याच वॉर्डात मागच्या बाजूला, जास्त आजारी असलेल्यांच्या खोलीत. खिडकीतून धुण्याची जागा दिसायची. मोऱ्या आणि दोऱ्या."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे अप्पा सगळे दिवस..."

"आता सोल," आई म्हणाली.

अप्पा त्यानंतर दोन वर्षं होते. शेवटच्या उन्हाळ्यात मुनियप्पा त्यांना भेटायला आले होते, काठी टेकत, एक मोठा फणस उचलून आणणाऱ्या नातीला घेऊन. दोघे म्हातारे पुढच्या खोलीत बसले होते, आई दाराशी उभी होती, मी कॉफी घेऊन आले. अप्पा मुनियप्पांना त्या झाडाबद्दल सांगत होते. आमच्या थोरलीला खिडकीतून ते झाड दिसायचं, ते म्हणाले, म्हणजे मी कुठे बसलोय ते तिला माहीत असणार. मुनियप्पांनी माझ्याकडे बघून, खरं का म्हणून विचारलं, "हौदा, मगळे?"

"हौदु," मी म्हटलं, आणि पेले त्यांच्यापुढे ठेवले.